तसबिरीतले चार श्वान आणि आमचा नातू



आमच्या देवघरात दत्तमहाराजांची एक जुनी तसबीर आहे. सासूबाईंनी नरसोबाच्या वाडीहून आणलेली. काचेच्या आत एका कडेला ओल लागली आहे, पण ती बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. रोज तिन्हीसांजेला दिवा लावते तेव्हा नातू माझ्या कडेवर असतो. वय वर्षं पावणेतीन. आपण मोठी माणसं तसबिरीत काय बघतो? तीन मुखं, सहा हात, शंख, चक्र, त्रिशूळ, मागची गाय. याची नजर आधी खाली जाते. बोट काचेवर टेकवून मोजतो, "एक भूभू, दोन भूभू, तीन भूभू, चाल भूभू." मोजून झालं की माझी हनुवटी धरून स्वतःकडे वळवतो. "आजी, मला पन भूभू पायजे."

हा हट्ट गेले चार-पाच महिने चालू आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. मुलाचं म्हणणं, "आणूया. लहानपणापासून प्राण्यांत वाढलं की मूल मायाळू होतं. माझ्या लहानपणी मोती होताच की!" सुनेचं म्हणणं, "अहो, त्याला अजून स्वतःची चड्डी सांभाळता येत नाही, तो कुत्रं काय सांभाळणार?" नातेवाइकांतून एक सल्ला आला, कुत्रा नको तर पिंजऱ्यातला पोपट आणा, घाण कमी. आमच्या पिढीत घरोघरी पोपट असत, त्यामुळे त्यात काही वावगं वाटत नाही. पण आपले पोपट पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला पंख आहेत त्याला दोन वितींच्या पिंजऱ्यात कोंडून मुलाला भूतदया कशी शिकवायची, हे मला उलगडत नाही.

शेवटी दोघंही माझ्याकडे आले. "आई, तुम्ही सांगा, तो तयार आहे का?"

प्रश्न छोटा वाटला होता. पण विचार करू लागले तशी दत्तसंप्रदायातलीच एकेक गोष्ट आठवत गेली, आणि शेवटी माझंच एक जुनं कर्म समोर येऊन उभं राहिलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी पावणेतीन वर्षांचं मूल म्हणजे काय ते पाहू. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आपली पकड किती घट्ट आहे हे त्याला कळत नाही. प्रेम आलं की ते मिठी मारतं, आणि ती मिठी कधी गळ्याभोवती आवळते. शेपूट दिसली की ओढावीशी वाटते. दुसऱ्याला दुखतं हे त्याला थोडं थोडं कळू लागलेलं असतं, पण ते कळून हात आवरता येणं ही पुढची पायरी आहे. सांगितलेलं पाच मिनिटांनी विसरतं. यात त्याचा दोष नाही, वयच तसं आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश येतात. कबुतर, अजगर, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा येतात. आणि त्याच यादीत बालकही येतं. बालकाकडून अवधूत काय शिकला? त्याला मान नाही, अपमान नाही, घरादाराची काळजी नाही; ते आपल्यातच रमलेलं असतं. मी हे अनेकदा वाचलं, प्रवचनात ऐकलं. पण नातवाच्या निमित्ताने प्रथमच लक्षात आलं की ज्या गुणासाठी बालकाला गुरू केलं, तो गुण म्हणजेच त्याच्यावर काही सोपवता येत नाही याची खूण आहे. ते निश्चिंत आहे, कारण चिंता करणारं दुसरं कुणीतरी घरात आहे. त्या निश्चिंतपणाला नमस्कार करावा. पण त्याच्या भरवशावर दुसरा जीव घरात आणू नये.

अनसूयामातेची कथा तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश सत्त्व पाहायला आले आणि तिच्या आश्रमात तान्ही बाळं झाली. सृष्टी निर्माण करणारा, पाळणारा आणि संहार करणारा, तिघंही पाळण्यात! पण एकदा बाळं झाल्यावर त्यांच्याकडून अनसूयेने कसली अपेक्षा केली नाही. पाळणा तिने हलवला, दूध तिने पाजलं. साक्षात देव बाळ झाला तरी त्याचं करायला मोठं माणूस लागलंच. मग आपली बाळं ती काय!

आता दुसऱ्या बाजूने पाहू. आपण नेहमी मुलाच्या बाजूनेच बोलतो. त्या पिल्लाची बाजू कोण मांडणार?

महाभारताच्या अगदी आरंभी, आदिपर्वात, एक कथा आहे. जनमेजयाचं सत्र चाललं होतं. तिथे एक पिल्लू आलं, देवांच्या कुत्रीचं, सरमेचं. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे गेलं. तिने विचारलं, तू काही आगळीक केलीस का? ते म्हणालं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा तडक राजाकडे गेली आणि तिने जाब विचारला, माझ्या लेकराला अपराधाशिवाय का मारलंत? कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा तिने शाप दिला की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या दारातच एका पिल्लाचं रडणं ठेवलं आहे.

घरात लहान मूल आणि कुत्रं एकत्र असलं की हाच प्रसंग छोट्या रूपात घडतो. मूल शेपूट ओढतं, खातानाच्या ताटलीत हात घालतं, झोपलेल्याच्या अंगावर पडतं. कुत्रं आधी मान फिरवतं, जांभई देतं, ओठ चाटतं, कान मागे पाडतं, कधी अंग ताठ करून एकदम स्तब्ध होतं. 'मला नको आहे' हे सांगायची त्याची ती भाषा. कुणाला ती कळत नाही. मग ते गुरगुरतं, आणि गुरगुरलं म्हणून मार खातं. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. मारून ती बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो. मुलाची उंचीच तेवढी, त्यामुळे दात तोंडावर किंवा मानेवर बसतो. त्यानंतर त्या जनावराला घरात जागा राहत नाही. दोष कुणाचा, हे सरमेसारखं विचारायला त्याची आई तिथे नसते.

म्हणून माहीतगार सांगतात की कुत्रं कितीही गरीब असो, लहान मुलाला आणि त्याला एकटं सोडून मोठ्या माणसाने स्वयंपाकघरातसुद्धा जाऊ नये. हे वाचायला सोपं आहे. ज्या घरात सून नोकरीला जाते आणि आजीचे गुडघे धरलेले आहेत, त्या घरात हे दिवसभर कोण पाळणार?

बाकीच्याही गोष्टी आहेत. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी असावं. त्याआधी विकायला सरकारी नियमानेही मनाई आहे. त्याला जंताचं औषध, लशी, साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. मूल सारखं तोंडात हात घालतं, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, कारण रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस हाती लागत नाही. आणि एक गोष्ट तर मला आत्ता या चौकशीतच कळली. मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट कुत्र्याला बाधतात. मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे नातवाने प्रेमाने पंचखाद्याचा प्रसाद भरवला तरी त्याचा जीव धोक्यात! प्रेम असून भागत नाही, माहिती लागते, आणि ती मोठ्यांना लागते.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू फार विचार करतेस. मोतीच्या वेळी केला होतास का एवढा?"

नव्हता केला. तेच सांगायचं आहे.

सन १९८९. आम्ही मिरजेला होतो. मुलगा तीन वर्षांचा. पलीकडच्या गल्लीत एका कुत्रीला पिल्लं झाली होती, तो रोज ती बघायला जायचा आणि रडत परत यायचा. म्हणून यजमानांनी एक उचलून आणलं. किती दिवसांचं आहे हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. डोळे उघडले आहेत, एवढं पुरे वाटलं. त्याची आई मागून आमच्या फाटकापर्यंत आली होती, हे मात्र मला स्पष्ट आठवतं.

मुलाचा उत्साह साधारण तीन आठवडे टिकला. पुढची तीन वर्षं मोतीचं सगळं मी केलं, आणि खरं सांगायचं तर कुरकुरत केलं. अंगणात घाण केली की माझीच चिडचिड व्हायची. मोतीने मात्र कधी हिशेब ठेवला नाही. मुलगा गोवराने आजारी होता तेव्हा तो खाटेखालून हलला नव्हता.

१९९२ च्या जूनमध्ये यजमानांची जळगावला बदली झाली. तिथे भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या आणि घरमालकाची पहिली अट होती, जनावर चालणार नाही. आम्ही दुसरं घर शोधलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पन्नास रुपये दिले आणि "जरा लक्ष ठेवा" म्हणून सांगितलं. सामानाचा ट्रक निघाला तसा मोती मागे धावला. जकात नाक्यावर ट्रक थांबला तेव्हा त्याने गाठलं. चाकाशेजारी बसला, धापा टाकत, शेपटी हलवत. त्याला वाटलं असेल, थांबलेत म्हणजे आता आपल्याला वर घेणार. पावती झाली. ट्रक सुटला. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. जागा झाल्यावर त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मोती मामाच्या मळ्यावर गेला." पुढच्या उन्हाळ्यात त्याने मळ्यावर मोतीला शोधलं, तर माझ्या भावाने माझ्याच सांगण्यावरून सांगितलं, "लांबच्या वस्तीवर राखणीला ठेवलाय."

मोतीचं पुढे काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून विचारलं नाही. उपाशी मरेल अशा रीतीने जनावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला फार उशिरा समजलं. पण त्या दिवशी मान वळवून मी पुढे बघत राहिले ती कायदा माहीत नव्हता म्हणून नव्हे. आत कळत होतंच.

पांडव शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्यामागून एक कुत्रा चालत होता. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. युधिष्ठिर म्हणाला, जो विश्वासाने मागे आला त्याला सोडणार नाही, मग स्वर्ग राहिला तरी चालेल. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता. ही कथा मी त्यानंतर कितीदा ऐकली असेल! प्रत्येक वेळी मला जकात नाका आठवतो. त्याने स्वर्ग सोडायची तयारी ठेवली. आम्हाला भाड्याच्या दोन खोल्या सोडवल्या नाहीत.

कुणी म्हणेल, संसारातलं ममत्वच वाईट. चोवीस गुरूंतलं कबुतर तेच तर शिकवतं. पिल्लं जाळ्यात सापडली, मादी गेली, आणि नरही मोहाने त्याच जाळ्यात पडला. मग आणखी एक माया कशाला जोडायची? हा विचार चुकीचा नाही. जोडू नये असं ठरवणं प्रामाणिक आहे. पण एकदा जोडल्यावर 'मोह नको' म्हणून तोडणं याला वैराग्य म्हणत नाहीत. आम्हीही तेव्हा मनाची तशीच समजूत घातली होती, 'जनावर ते, राहील कुठेही.'

आणि मुलाला त्यातून काय मिळालं? आम्ही मोतीला आणलं ते मूल मायाळू व्हावं म्हणून. शिकवलं काय, तर अडचण झाली की सोबत्याला टाकता येतं आणि वर गोड खोटं बोलून झाकता येतं. तो मायाळू झाला ही गुरुमहाराजांची कृपा, आमचं त्यात काही नाही. सून परवा बोलता बोलता म्हणाली, "आई, कुत्रं म्हणजे काय संस्कारवर्ग आहे का, मुलासाठी लावायचा आणि नको झाला की बंद करायचा?" तिला मोतीची गोष्ट माहीत नव्हती. मला ते वाक्य लागलं, आणि त्याच रात्री मी मुलाला सगळं खरं सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, आमचा मोती मळ्यावर म्हातारा होऊन गेला." आणि उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी हाक मारली नाही.

तर, मूल तयार आहे का या प्रश्नाला माझं उत्तर हे. पावणेतीन वर्षांचं मूल कधीच तयार नसतं, आणि त्याने असायलाही नको. विचारायचं ते घरातल्या मोठ्यांना. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, कधी त्याहून जास्त. मुलाचा उत्साह पंधरा दिवसांत ओसरला तर उरलेली वर्षं कोण करणार? पहाटे आणि रात्री त्याला खाली कोण नेणार? गाणगापूरला निघालो, लग्नाला गेलो, तर ते कुणापाशी राहणार? बदली झाली, घर बदललं, तर त्याच्यासकट घर शोधण्याची तयारी आहे का? ते म्हातारं होईल, आंधळं होईल, घरात घाण करेल, तेव्हा? आणि आम्हा म्हाताऱ्यांनीही स्वतःला विचारावं. मी आज पासष्टीत आहे. 'मी आहे ना घरी' असं म्हणणं सोपं, पण बारा वर्षांचा शब्द मी कुणाच्या जिवावर देणार?

घरातलं एक तरी मोठं माणूस 'मूल असो वा नसो, हा जीव मला हवा आहे, याचं शेवटपर्यंत मी करीन' असं म्हणत असेल, तर खुशाल आणावा. मूल लहान असलं तरी दोघांवर डोळा ठेवून ते निभतं. वाड्यांत, मळ्यांवर अशी घरं आम्ही पाहिली आहेत. तिथे कुत्रं आजोबांचं असायचं आणि मुलं त्याच्या आजूबाजूला वाढायची. फक्त मुलासाठी आणायचं असेल तर आणू नये. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न मला त्यामानाने लहान वाटतो. ज्या दैवताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, आणि ज्यांना आपण चार वेद म्हणतो, त्याच्या घरात कुत्र्याने विटाळ कसला?

मग तोवर मुलाला काहीच द्यायचं नाही का? द्यायचं. आपल्याकडे पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, रोजच्या अन्नातला वाटा मुक्या जिवांना. गाणगापुरात भर दुपारी महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात ही आपली श्रद्धा, म्हणून तिथे माधुकरी वाढताना दारच्या कुत्र्यालाही कुणी हाड म्हणत नाही. आता आमच्याकडे दुपारची पहिली चतकोर भाकरी बाजूला निघते. ती नातवाच्या हाताने बाजूला ठेवतो. खाली नेऊन ठेवतं मोठं माणूस. नातू जिन्यातून, माझा हात धरून, लांबून बघतो. जेवणाऱ्याच्या जवळ जायचं नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, एवढे दोन नियम त्याला पाठ झाले आहेत. गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं आहे, ते तो सांडत सांडत भरतो. या वयाला एवढी सेवा पुष्कळ झाली.

चार दिवसांनी मुलगा आपणहून म्हणाला, "आई, आत्ता नको. तो सहा-सात वर्षांचा होऊ दे. आणि आणला तर तो माझा असेल, त्याच्यासाठी म्हणून नाही." मोतीबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. मीही काढलं नाही. क्षमा मागायची ती मी मागितली आहे. ती मिळाली की नाही हे त्याचं त्याला ठाऊक.

हट्ट अजून संपलेला नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की बोट काचेवर टेकतं, "एक भूभू, दोन भूभू..." हल्ली पुढे एक प्रश्न वाढला आहे, "आजी, भूभू जेवला?" मी म्हणते, "जेवला रे बाळा." पण बोट चौथ्यापाशी पोचलं की मला जकात नाक्यावरची हलणारी शेपटी दिसते, आणि हात आपोआप जोडले जातात.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥